भेंडीचे व्हिनेगरमधील लोणचे आणि घरगुती डबाबंदीतील धोका



भेंडीचे पीक ज्यांनी घेतले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको की भेंडी कोणासाठी थांबत नाही. लागवडीपासून ४५ ते ५० दिवसांनी तोडा सुरू झाला की पुढे दिवसाआड तोडणी करावीच लागते. घरात लग्न असो, गावात जत्रा असो, की पावसाने वाट बंद झालेली असो. एक तोडा चुकला तर फळ राठ होते, आत बी भरते आणि झाडाची पुढची फूलधारणाही मंदावते. म्हणजे भाव नसला तरी तोडावे लागते. आवक वाढलेल्या आठवड्यात क्रेट, गाडीभाडे आणि हमाली वजा जाता तोडणीची मजुरीही हाती येत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

ताजी भेंडी साठवून भावाची वाट पाहावी म्हटले तर तेही जमत नाही. ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर आर्द्रता मिळाली तर भेंडी आठ-दहा दिवस टिकते. त्याहून थंड जागी ठेवली तर तिच्यावर खड्डे आणि काळे डाग पडतात. त्यामुळे उरलेल्या भेंडीचे घरीच काही करता येईल का, ही विचारणा शिबिरांमध्ये नेहमी होते. विशेषतः भगिनी विचारतात, “सर, बाजारात डब्यातला मटार मिळतो, तशी भेंडी बाटलीत भरून ठेवता येणार नाही का?”

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. व्हिनेगरमधील लोणचे घालून बाटलीत भरता येते आणि ते वर्षभर टिकते. पण मिठाच्या पाण्यात भरून डबाबंद करणे हे काम घरच्या स्वयंपाकघरात करू नये. या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो समजून घेतल्याशिवाय पुढची कृती वाचू नये, अशी माझी विनंती आहे.

आमच्या घरचा अनुभव

माझा विषय कृषिविद्या. फळे-भाज्या टिकविण्याचे शास्त्र मी पुढे गरजेपोटी शिकलो. त्या गरजेची सुरुवात घरातूनच झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या गावी थोरल्या भावाची वीस गुंठे भेंडी एकदम सुरू झाली आणि नेमके त्याच पंधरवड्यात भाव पडले. वहिनींनी मोठ्या हौसेने बारा बाटल्या भरल्या. कोवळी भेंडी, उकळलेले मिठाचे पाणी आणि घट्ट झाकण. बाटल्या दोन-दोन करून कुकरमध्ये ठेवल्या आणि प्रत्येक वेळी चार शिट्ट्या दिल्या. फडताळात मांडलेल्या त्या हिरव्यागार बाटल्या पाहून पाहुणेसुद्धा कौतुक करीत.

तीन आठवड्यांनी मी घरी गेलो तेव्हा दोन बाटल्यांची झाकणे फुगून वर आली होती. उरलेल्या दहा जशाच्या तशा होत्या. वहिनींनी त्यांतली एक उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “भाऊजी, वास बघा, काही वाईट नाही. या दोन टाकू, बाकीच्या भाजीत वापरू.” मी बाराही बाटल्या परसात खड्डा घेऊन पुरायला लावल्या. दादाने भेंडीचा नाही, पण बाटल्यांचा, गॅसचा आणि वहिनींच्या तीन दिवसांच्या कष्टांचा हिशेब मला ऐकवला आणि दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. ज्यांना वास नव्हता त्या दहा बाटल्या मी का पुरल्या, हेच मला येथे सांगायचे आहे.

सामू हा खरा मुद्दा

माती परीक्षणाच्या अहवालात सामू लिहिलेला आपण पाहतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर विम्लधर्मी. अन्नपदार्थालाही असाच सामू असतो. लिंबाच्या रसाचा सामू सव्वादोनच्या आसपास असतो. कैरी आणि चिंच यांचाही तीनच्या आगेमागे. आपल्या आजीने घातलेले कैरीचे लोणचे वर्षानुवर्षे बिघडत नाही त्याचे श्रेय तेलाला आणि मिठाला आहेच, पण पहिला मान कैरीच्या आंबटपणाचा आहे. भेंडीचा सामू साडेपाच ते साडेसहा असतो, म्हणजे ती जवळजवळ दुधाच्या पंक्तीला बसते. तिच्यात स्वतःचे संरक्षण करणारे आम्ल नाही.

अन्नशास्त्रात ४.६ हा सामू सीमारेषा मानला जातो. त्याच्या वर, हवा नसलेल्या बंद बाटलीत, ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचा जीवाणू वाढू शकतो. तो मातीत सर्वत्र असतो, त्यामुळे शेतातून आलेल्या कोणत्याही भाजीवर त्याचे बीजाणू असू शकतात. नाव अनोळखी वाटले तरी याचे भाऊबंद आपल्याला चांगले ठाऊक आहेत. माणसाला होणारा धनुर्वात, जनावरांचा फऱ्या आणि मेंढ्यांचा आंत्रविषार हे रोग याच कुळातील जीवाणूंमुळे होतात. या कुळाची खोड अशी की हवा नसेल तेथे ते वाढतात आणि संकट आले की टणक बीजाणू करून तग धरतात.

हे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन् तास टिकू शकतात. उलट त्या उकळीने बाटलीतील हवा निघून जाते आणि इतर जंतू मरतात. म्हणजे आपण त्यांच्यासाठी शेत नांगरून, तण काढून तयार करून ठेवतो. पुढे बाटली फडताळात असताना ते रुजतात आणि विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंवर परिणाम करते आणि फार थोड्या मात्रेतही प्राणघातक ठरते. झाकण फुगेलच, वास येईलच, पाणी गढूळ होईलच असे नाही. म्हणून त्या दहा बाटल्या पुराव्या लागल्या.

मग कुकरचे काय?

हे बीजाणू मारण्यासाठी उकळीपेक्षा जास्त, म्हणजे सुमारे ११६ ते १२१ अंश तापमान ठरावीक वेळ लागते. ते वाफेच्या दाबाखालीच मिळते. कारखान्यात यासाठी रिटॉर्ट नावाचे यंत्र असते आणि बाटलीच्या मध्यभागी तापमान किती पोहोचले हे मोजलेले असते.

आपल्या घरच्या कुकरमध्येही दाब तयार होतो, हे खरे. पण शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. एका चुलीवर चार शिट्ट्या सहा मिनिटांत होतात, तर दुसरीवर पंधरा मिनिटांत. शिवाय लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो. बाटलीच्या मध्यातील भेंडीपर्यंत उष्णता पोहोचली की नाही हे बाहेरून कळत नाही. अमेरिकेत घरगुती डबाबंदीची पद्धत जुनी आहे. तिथल्या कृषी खात्याच्या मार्गदर्शिकेत मिठाच्या पाण्यातील भेंडीसाठी वेळ आणि दाब दिलेले आहेत. पण ते दाबमापक असलेल्या, खास या कामाच्या मोठ्या भांड्यासाठी आहेत. ते आकडे आपल्या पाच लिटरच्या कुकरला लावणे म्हणजे ट्रॅक्टरची मात्रा हातपंपाला लावण्यासारखे आहे. ज्या गटाला खरोखरच डबाबंद भेंडी करायची असेल त्यांनी परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयासारख्या संस्थेतून प्रशिक्षण घ्यावे आणि योग्य यंत्रसामग्रीवरच काम करावे.

घरासाठी दुसरी वाट सोपी आहे. भेंडीत आम्ल नाही ना? मग ते आपण घालायचे, पण मोजून.

भेंडी कशी निवडावी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत भेंडीचे व्हिनेगरमधील लोणचे घरोघरी करतात. भेंडी तेथे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर पोहोचली. या लोणच्याला जी भेंडी लागते ती आपल्या शेतात रोज असते, फक्त एक दिवस आधी तोडावी लागते. फूल उमलल्यापासून चार-पाच दिवसांचे, ५ ते ८ सेंटिमीटर लांबीचे फळ घ्यावे. टोक बोटाने वाकवले तर ‘कट्’ असा आवाज होऊन मोडले पाहिजे. वाकून लोंबले तर ते फळ लोणच्याला नको.

वाण कोणताही चालतो. तेव्हाच्या मराठवाडा कृषि विद्यापीठाने विकसित केलेला आणि हळद्या रोगास प्रतिकारक म्हणून नावाजलेला परभणी क्रांती, राहुरीचा फुले उत्कर्षा, बंगळूरूच्या संस्थेचा अर्का अनामिका किंवा आपण लावता तो संकरित वाण, यांपैकी काहीही घ्या. अळीने पोखरलेले, वाकडे किंवा डागाळलेले फळ मात्र बाजूला काढावे. बाजारात खपत नाही म्हणून लोणच्यात टाकावे, असा विचार करू नये.

एक गोष्ट कृषिविद्येचा माणूस म्हणून आग्रहाने सांगतो. तुडतुडे, पांढरी माशी किंवा फळ पोखरणारी अळी यांसाठी फवारणी केली असेल तर त्या औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा कालावधी संपल्यानंतरचाच तोडा लोणच्यासाठी वापरावा. फळ साल न काढता अख्खे खाल्ले जाते. आंतरप्रवाही औषध नळाखाली धुतल्याने निघत नाही आणि व्हिनेगरने नाहीसेही होत नाही.

तोडणी सकाळी करावी आणि शक्यतो त्याच दिवशी लोणचे घालावे. फळे स्वच्छ पाण्याने धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करावीत. देठ कापताना टोपीचा कडक भाग काढावा, पण आतील बियांचा कप्पा उघडू देऊ नये. भेंडीचा चिकट द्रव या कप्प्यांतूनच बाहेर येतो. कप्पा बंद राहिला तर लोणचे बुळबुळीत होत नाही; थोडासा द्रव आला तरी व्हिनेगरच्या आम्लाने त्याची चिकटाई कमी होते.

व्हिनेगरची बाटली वाचून घ्या

सगळ्यात जास्त चूक येथेच होते. परदेशी कृतीत व्हिनेगर (शिरका) ५ टक्के आम्लतेचे धरलेले असते आणि त्यात तेवढेच पाणी मिसळायला सांगितलेले असते. आपल्याकडे दुकानात मिळणारे व्हिनेगर बहुधा ४ टक्क्यांचे असते आणि कायद्याने पावणेचार टक्क्यांपर्यंतचेही चालते. त्यात निम्मे पाणी घातले तर आम्ल कमी पडते. कृती तीच, चवही जवळपास तीच, पण संरक्षण गेले.

म्हणून वेष्टनावरील आम्लतेचा आकडा वाचावा आणि हिशेब असा करावा. १ किलो भेंडीसाठी एकूण ९०० मिलिलिटर द्रव लागतो. व्हिनेगर ५ टक्क्यांचे असेल तर ४५० मिलिलिटर व्हिनेगर आणि ४५० मिलिलिटर पाणी. ४ किंवा पावणेचार टक्क्यांचे असेल तर ६०० मिलिलिटर व्हिनेगर आणि ३०० मिलिलिटर पाणी, म्हणजे दोनास एक. दोन्ही प्रकारे मिश्रणात किमान अडीच टक्के आम्ल राहते. चव फार आंबट वाटली तर चमचा-दोन चमचे साखर घालावी. पाणी वाढवू नये. सुटे मिळणारे, वेष्टन किंवा आकडा नसलेले व्हिनेगर या कामाला घेऊ नये. घरी केलेल्या उसाच्या किंवा जांभळाच्या शिरक्याची आम्लता मोजलेली नसते, तेव्हा तोही भाकरीबरोबर खावा, लोणच्यात घालू नये.

कृती

१ किलो भेंडीसाठी वरीलप्रमाणे व्हिनेगर व पाणी, ६० ग्रॅम मीठ, दोन-तीन सुक्या किंवा हिरव्या मिरच्या, दीड चमचा शेपूचे बी (बाळंतशेप) आणि बाटलीमागे लसणाची एक पाकळी घ्यावी. शेपूऐवजी मोहरी किंवा मिरे चालतील. कोरडा मसाला आवडीप्रमाणे बदलता येतो. लसूण, कांदा, गाजर असे ओले जिन्नस वाढवू नयेत, कारण तेही भेंडीसारखेच आम्ल नसलेले आहेत. आयोडीनयुक्त मीठ चालते, फक्त त्याने पाणी किंचित गढूळ दिसते.

अर्ध्या लिटरच्या तीन काचेच्या बाटल्या गरम पाण्याने व साबणाने धुऊन गरमच ठेवाव्यात. झाकणे नवीन असावीत आणि त्यांना आतून रबरासारखा थर असावा. जुने, वाकलेले किंवा गंजलेले झाकण हवा आत घेते. प्रत्येक बाटलीत लसणाची पाकळी टाकून भेंडी उभी भरावी, एक देठ वर तर दुसरे खाली, म्हणजे जागा नीट भरते. एका बाटलीत ३०० ते ३२५ ग्रॅमपेक्षा जास्त ठासू नये. भेंडी जास्त झाली की द्रव कमी बसतो आणि आम्ल पुन्हा कमी पडते.

व्हिनेगर, पाणी, मीठ, मिरची व बाळंतशेप स्टीलच्या पातेल्यात एकत्र करून उकळावे. तांब्या-पितळेचे, लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. आम्लामुळे धातू उतरतो. उकळते द्रव भेंडीवर ओतावे आणि वर अर्धा इंच जागा मोकळी सोडावी. स्टीलचा चमचा कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढावेत, बाटलीचे तोंड स्वच्छ फडक्याने पुसावे आणि झाकण लावावे.

आता मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाडसर फडके अंथरून त्यावर बाटल्या उभ्या कराव्यात. पातेल्यातील पाणी आधीच गरम असावे, नाहीतर काच तडकते. झाकणांवर किमान एक इंच पाणी आले पाहिजे. पाण्याला खळखळून उकळी आली की तेव्हापासून वेळ मोजावी. समुद्रसपाटीजवळच्या कोकणात १० मिनिटे पुरतात. घाटावर उंचीमुळे पाणी कमी तापमानाला उकळते (पुण्यात ते सुमारे ९८ अंशांना उकळते), तेथे १५ मिनिटे ठेवावे. आपले गाव किती उंचीवर आहे याची शंका असेल तर १५ मिनिटेच धरावीत.

बाटल्या काढून फडक्यावर, वाऱ्यापासून दूर, रात्रभर निवू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मधला भाग आत ओढलेला दिसला पाहिजे. बोटाने दाबल्यावर तो ‘टिक्’ करून वरखाली झाला तर ती बाटली नीट बंद झालेली नाही. ती शीतकपाटात ठेवून आधी संपवावी. बाकीच्या बाटल्यांवर तारीख लिहून त्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. भेंडीत आम्ल मुरायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर उघडू नयेत. पहिल्या घाण्यातील एक बाटली उघडून सामूच्या कागदी पट्टीने द्रव आणि ठेचलेली भेंडी दोन्ही तपासावीत. ४ किंवा त्याहून कमी आकडा आला तर ठीक. जवळपास पण वर आला तर जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात नेऊन यंत्रावर मोजून घ्यावा.

तेलातले लोणचे, चुना आणि ताकातली भेंडी

आपल्याकडे भेंडीचे मोहरी-तेलातले लोणचेही करतात. ते चवीला उत्तम लागते. पण वर तेलाचा थर म्हणजे खाली हवा नाही, आणि भेंडीत आम्ल नाही, हे लक्षात ठेवावे. असे लोणचे लिंबाचा भरपूर रस घालून थोडेच करावे, शीतकपाटात ठेवावे आणि आठवड्यात संपवावे. ते फडताळात मुरवत ठेवू नये.

भेंडी कुरकुरीत राहावी म्हणून काही जण ती चुन्याच्या निवळीत भिजवतात. चुना विम्लधर्मी आहे. तो भेंडीत उरला तर आपण घातलेले आम्ल मारतो. कोवळी, ताजी भेंडी घेतली तर चुन्याची गरजच पडत नाही.

उन्हाळी भेंडीसाठी मात्र माझे मत विचाराल तर सर्वांत स्वस्त उपाय वाळवणाचा आहे. तमिळनाडूत भेंडीच्या चकत्या मीठ घातलेल्या आंबट ताकात भिजवून उन्हात वाळवतात आणि जेवताना तळून घेतात. आपल्या सांडगी मिरचीचीच ही बहीण. बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीच्या चकत्या रात्रभर ताकात ठेवाव्यात, सकाळी निथळून जाळीखाली पसराव्यात. तीन-चार कडक उन्हांत त्या मोडल्यावर तुकडा पडण्याइतक्या वाळतात. भेंडीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यामुळे १० किलोपासून किलो-सव्वा किलोच माल हाती येतो. पण बाटली लागत नाही, गॅस लागत नाही. पावसाळी तोड्याला हे जमत नाही, तेथे व्हिनेगरचे लोणचे बरे.

विकायचे असेल तर

घरी खाण्यासाठी करणे वेगळे आणि विकणे वेगळे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार विक्रीसाठी नोंदणी किंवा परवाना लागतो आणि वेष्टनावर घटक, तारीख व इतर तपशील द्यावे लागतात. बचत गटांनी प्रत्येक घाण्याचा सामू वहीत नोंदवून ठेवावा. दोनशे बाटल्यांच्या घाण्यात एखादा गोंधळ झाला तर कोणत्या तारखेच्या बाटल्या परत घ्यायच्या हे त्या वहीवरूनच कळते.

बाटली उघडताना

झाकण फुगलेले असेल, बाटली गळत असेल, उघडताना द्रव उसळून वर आला किंवा वर बुरशी दिसली तर चव घेऊन पाहू नये. न उघडता पिशवीत बांधून खोल खड्ड्यात पुरावी. गुरांना किंवा कोंबड्यांना घालू नये, हे विष त्यांनाही बाधते. घरच्या डबाबंद पदार्थानंतर कोणाला एकाची दोन दिसू लागली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले किंवा गिळता येईना, तर उतारा-घरगुती औषधात वेळ न घालवता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि उरलेली बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यावी. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण काही वेळा कित्येक दिवसांनीही.

चांगली निघालेली बाटली उघडल्यावर शीतकपाटात ठेवावी आणि भेंडी कोरड्या चमच्याने काढावी. आमच्या वहिनी २०२० पासून दर पावसाळ्यात हे लोणचे घालतात. पिठले-भाकरीबरोबर ते छान लागते. उरलेले आंबट पाणी त्या काकडीच्या कोशिंबिरीत घालतात. नव्या भेंडीसाठी मात्र ते पुन्हा वापरत नाहीत, कारण त्यातले निम्मे आम्ल आधीच्या भेंडीने घेतलेले असते.